माझ्या बोटावर एकेचाळीस जणी

"सर, नाडीसखीला रोज सकाळी जागं करायला एक ताजं बोट लागतं ना? मग तिकडं पुण्याच्या ऑफिसात तुम्ही कुणाचं बोट वापरता?"

माईक हातात घेऊन, अख्ख्या हायस्कूलसमोर, हा प्रश्न मी विचारला. पैज होती. दुर्वानं मागून चिमटा काढून सांगितलं होतं, "वर्षभर लई फुशारकी मारतीस, माझ्या बोटावर गाव चालतंय म्हणून. आज नाडीसखीवालेच आलेत. दम असंल तर त्यांनाच विचार की!" विचारलं तर महिनाभर खिडकीची जागा माझी. नाही विचारलं तर तिचा भूगोलाचा प्रकल्प माझ्या गळ्यात.

दम होता. डिसेंबरात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून माझा दम इतका वाढलाय की घरात पप्पा मला 'लाऊडस्पीकर' म्हणतात. त्याआधीची शिवन्या होडगे वेगळी होती. 'हजर' म्हणायलासुद्धा तिला घाम फुटायचा. ती गेली. आता मी आहे.

थोडं मागचं सांगते, नाहीतर कळायचं नाही. आमचं जांभूळखोरी कोल्हापूर जिल्ह्याच्या पार टोकाला, जिथून घाट उतरला की कोकण लागतं. गावाभोवती काजूच्या बागा आणि वेशीवर काजूचा कारखाना. माझी आई गावची आशाताई. घरोघरी फिरून गरोदर बायका, बाळंतिणी, लसी, गोळ्या बघणारी. तीन वर्षांपूर्वी तिच्या फोनमध्ये नाडीसखी आली. बाईनं फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, तीस सेकंद गप्प बसायचं, की पडद्यावर ठोके, रक्तदाब आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. सुई नाही, बाटली नाही, तालुक्याला हेलपाटा नाही. प्रत्येक बाईची आठवड्याला एक नोंद. हिरवा ठिपका आला तर बाई ठीक. लाल आला तर त्याच दिवशी दारात गाडी.

आणि ती गाडी खरंच येते, बरं का. वरच्या वाडीतल्या एका काकूंना दोन तासांत कोल्हापूरला पोचवलं होतं. आधी सिस्टर महिन्यातून एकदा सगळी घरं फिरायच्या आणि अर्धीच व्हायची. आता हिरव्या घरात त्या जातच नाहीत. सगळा वेळ लाल घरांना. तेवढ्याच माणसांत चौपट काम.

यात माझा भाग असा: रोज सकाळी साडेसहाला आई हाक मारायची, "शिवू, बोट!" तोंडात ब्रश असला तरी मी उजव्या हाताचं मधलं बोट कॅमेऱ्यावर ठेवायची. आई म्हणायची, सखी रात्रभर झोपलेली असते, आधी निरोगी बोटावर तिला जागं करावं लागतं, म्हणजे दिवसभर बायकांचे आकडे बरोबर येतात. एका बोटात जागी व्हायची नाही. सहा-सात वेळा बोट द्यावं लागायचं. मी फुगून जायची. गावातल्या बायकांच्या जिवाची किल्ली माझ्या बोटात! हे मी शाळेत कितीदा सांगितलं असेल, दुर्वाला विचारा.

तर प्रश्न विचारला. स्टेजवरचे कौस्तुभ वर्तक सर, नाडीसखी बनवणाऱ्यांपैकी एक, तिशीचे असतील, त्यांनी मान तिरकी केली.

"कसलं ताजं बोट?"

"जागं करायचं, सर. निरोगी माणसाचं."

सगळे हसले. सर नाही हसले. ते म्हणाले, "असं काही नसतं. पहिल्या बोटापासूनच नोंद होते. जे बोट ठेवाल, ते उघडलेल्या नावावर चढतं. तुला कुणी सांगितलं हे?"

"असंच, सर. ऐकलं होतं," मी म्हणाले आणि खाली बसले. खिडकीची जागा जिंकली होती. 

सरांना मात्र माझा प्रश्न आवडला असावा, कारण ते खुलले. त्यांनी सगळ्यांना आपापलं बोट टॉर्चवर ठेवायला लावलं. "लाल दिसतं ना? उजेड बोटातून आरपार येतोय. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्ताची लाट येते, तेव्हा थोडा जास्त उजेड रक्त पिऊन टाकतं. तुमच्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. लाट किती वेगानं चढते, कशी उतरते, यावरून रक्तदाब. लाल रंग किती दाट, यावरून हिमोग्लोबिन. दवाखान्यात बोटाला चिमटा लावतात ना, कधी कधी कानाच्या पाळीलाही लावतात, त्याचाच हा धाकटा भाऊ."

मग म्हणाले, सखी प्रत्येक बाईचं वळण शिकते. वीसेक नोंदी झाल्या की तिला कळतं, या बाईचं रक्त साधारण एवढं. मग एखादी नोंद फटकून आली, बोट हललं, ओलं होतं, तर ती स्वतःच गाळते. खोट्या लालमागं गाडी पळत नाही.

"आणि सखी किती सावध आहे बघा. तुमच्याच गावची गोष्ट. एकोणीस डिसेंबरला सकाळी काजू कारखान्यातल्या सात बायकांची नाडी एकदम एकशे अठराच्या वर गेली. एकीची असती तर गाळली असती, पण सातही जणींची! सखीला शंका आली, पाण्यातून साथ आली की काय. दुपारच्या आत पथक हजर. विहिरीचं पाणी तपासलं, क्षारांच्या पुड्या वाटल्या. साथ आलीच नाही."

टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. एकोणीस डिसेंबरला सकाळी साडेसहाला मी आंघोळ करून, दोन वेण्या घालून, थरथर कापत उभी होते. त्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा होती. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर जायचं होतं. आई म्हणाली होती, "शिवू, बोट," आणि मी सात वेळा दिलं होतं.

सर पुढं सांगत होते, येत्या सोमवारपासून सखीची नवी आवृत्ती. रक्ताच्या लाटेला माणसागणिक वेगळं वळण असतं, हस्ताक्षरासारखं. नवी सखी नाडीवरून माणूस ओळखेल. "जुन्या लाटा आम्ही साठवत नाही, फक्त आकडे ठेवतो. पण शेवटच्या सात दिवसांच्या लाटा असतात, त्या सोमवारी आशाताईंच्या मीटिंगला येऊन ताडून बघू."

दुर्वा कानात म्हणाली, "घे खिडकी, बोटवाली बाई!"

*

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी बाकी सगळं सांगितलं, प्रश्न तेवढा गाळला. सर आले, टॉर्च, हस्ताक्षर, सोमवार. सोमवार म्हटल्यावर आईचा हात परातीत थांबला.

"कदीपासनं म्हणालीस?"

"सोमवारपासून. नाडीवरून माणूस ओळखणार म्हणे."

पप्पांनी पेपरातून डोकं वर काढलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तव्यावरची भाकरी करपली, आणि आमच्या घरात भाकरी करपत नाही. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण माईकसमोर जमतं ते चुलीपुढं जमेलच असं नाही.

शनिवारी सकाळी हाक आली. मी बोट ठेवलं. पण या वेळी डाव्या हातानं फोन माझ्याकडं वळवला आणि आई रोज बंद ठेवायची तो आवाज चालू केला. वर लिहिलं होतं: कोमल सुतार, वय चोवीस, तिसावा आठवडा. तीस सेकंद झाले. नाडी ८४. हिमोग्लोबिन १२.८. हिरवा ठिपका, टाळ्यांचा आवाज, आणि एक गोड बाई म्हणाली, "अभिनंदन कोमलताई, तुम्ही आणि बाळ छान आहात."

कोमल म्हणजे कोमलवहिनी. दुर्वाची सख्खी वहिनी, काजूच्या कारखान्यात जाणारी.

"बोट काडू नकोस, अजून पाच हायत," आई म्हणाली.

मी काढलं.

"आई, सखी झोपत नाही."

आईनं फोन पालथा ठेवला आणि मोरीजवळच्या पायरीवर बसली. मग एकदम बोलायला लागली, भांडल्यासारखी.

"त्या बायकांची बोटं बघितलीस कदी? काजू फोडून फोडून टरफलाचं तेल मुरलंय त्यात. काळी ठिक्कर, साल निघालेली. उजेडच जात न्हाई आरपार. पहिल्यांदा रोज यायच्या की, आपल्या अंगणात रांग लागायची. आठवतंय का न्हाई? दहाच्या दहा बोटं लावून बघायच्या. फोन म्हणायचा, बोट स्वच्छ धुवा. राखंनं घासली, लिंबानं घासली, रक्त आलं एकीच्या. तरी म्हणतोय स्वच्छ धुवा! मी तक्रार केली, एकदा न्हवं, तीनदा. उत्तर काय? बोट कोरडं करून पुन्हा प्रयत्न करा. आणि नोंद न्हाई म्हंजे माझी भेटच न्हाई. मीटिंगमधी उभं करून विचारलं मला, आशाताई, एकेचाळीस घरं पडून हायत, तुम्ही घरात झोपता काय?"

मला आठवलं. अंगणातली रांग एक दिवस बंद झाली होती. मला वाटलं होतं, आता कारखान्यातच बोट घेत असतील.

"मग एक दिवस तुझं ठेवलं. नुसतं बघायला. टाळ्या वाजल्या त्यात. पुढच्या मीटिंगला माझ्यासाठी वाजल्या. आता घरी गेले की बायकांचं बोट नुसतं टेकवते आणि तुझाच हिरवा ठिपका दाखवते."

"पण मला खोटं का सांगितलंस? जागं करायला, म्हणे!"

"खरं सांगितलं असतं तर दिलं असतंस?"

वर्षभर रोज सकाळी मी आईला काहीतरी मोठं देत होते असं मला वाटायचं. तिनं ते घेतलं होतं, फक्त काय घेतेय ते सांगितलं नव्हतं. तोंडातली पेस्ट मला एकदम कडू लागली.

"त्यांना काय झालंय का? धडधाकट हायत सगळ्या," आई उठता उठता म्हणाली. "आणि सोमवारनंतर तसंबी बंदच करायला लागणार."

*

पण माझ्या डोक्यात सरांचं एक वाक्य अडकलं होतं. कानाची पाळी! काजू काही कानानं फोडत नाहीत. शनिवारी शाळेतून आल्यावर आईचा फोन गुपचूप घेतला, किशोरींच्या यादीतल्या माझ्याच नावावर गेले आणि कॅमेऱ्यावर कानाची पाळी दाबून धरली. ठोके ८२, रक्त १२.७. आला आकडा! मी नाचले. बोटाची भानगड मिटली, आईची काळजी मिटली, आणि ही युक्ती मी शोधली! मला वाटलं, सोमवारी वर्तक सरांना सांगेन, ते माझी पाठ थोपटतील. राग अर्धा तिथंच विरला. मी अशीच आहे, लवकर पेटते, लवकर विझते.

रविवारी सकाळी आई कपडे घेऊन नदीवर गेली तेव्हा फोन घेऊन सुतारांच्या घरी गेले. कोमलवहिनी सोप्यात भिंतीला टेकून बसली होती, सुपातले कच्चे तांदूळ चघळत. तिचा नवरा गोव्याला फर्निचरच्या कामावर असतो.

"बघ तुझी पेशंट," दुर्वा म्हणाली. "आदी पाटीवरच्या पेन्सिली खायची, आता तांदूळ. बाळाला दात घिऊनच जन्माला घालणार हाय."

"गप गं," वहिनी हसली, पण हसतानाही तिला धाप लागली. ओठ कणकेच्या रंगाचे होते.

"वहिनी, एक प्रयोग करायचाय. कुडी काढ."

"कान तोडतीस का काय, शिवे?"

तिनं कुडी काढली. मी तिचं नाव उघडलं, आणि तिच्या गार पाळीवर कॅमेरा दाबला. तीस सेकंद. दुर्वा बाजूला उकिडवी बसून आकडे मोजल्यासारखं करत होती, वहिनीला हसवायला.

नाडी १२२. हिमोग्लोबिन ६.१. लाल.

आईबरोबर फिरून मला एवढं माहीत होतं की गरोदरपणात अकराच्या खाली गेलं की गोळ्या आणि सातच्या खाली गेलं की दवाखाना, त्याच दिवशी. आता गाडी येईल, मला वाटलं. पण लाल ठिपका दोन सेकंद राहिला आणि राखाडी झाला. खाली अक्षरं आली: 'ही नोंद मागील बावीस नोंदींशी जुळत नाही. बोट हलले असावे. नोंद रद्द.' आणि ती गोड बाई म्हणाली, "काळजी नसावी कोमलताई. तुम्ही आणि बाळ छान आहात."

मी परत घेतलं. दुसऱ्या कानावर घेतलं. सहा. पाच पॉइंट नऊ. दोन्ही रद्द.

मला तेव्हा नीट कळलं, आम्ही काय करून ठेवलंय. वहिनीचं खोटं वळण मी सखीला शिकवलं होतं. बावीस आठवडे, माझ्या बोटानं. आता वहिनीचं खरं रक्तच तिला खोटं वाटत होतं.

"काकू, वहिनीला आजच्या आज दवाखान्यात न्या," मी दुर्वाच्या आईला म्हणाले. त्या मिरच्या निवडत होत्या.

"का गं? काय म्हणतीय सखी?"

"रक्त सहा आहे."

"छान हाय म्हणाली की आत्ता! मी काय भैरी हाय का?" काकू हसल्या. "बावीस वेळा हिरवं दाखवलंय त्या फोननं. आणि तू कानाला लावून लाल म्हणतीस. उद्या नाकाला लावशील. गरोदरपणात बाई दमतीच, पोरी. ही तर जरा जास्तच लाडाची."

वहिनी खाली बघत म्हणाली, "मीबी तेच म्हणते मनाला. आशाताई सांगतात ना, सगळं ठीक हाय म्हणून."

दुर्वा माझ्याकडं बघत होती. "शिवे, तुझा चेहरा असा का झालाय?"

"आलेच," म्हणाले आणि पळाले.

*

घरी आई नदीवरून आली होती. पप्पा ओट्यावर काहीतरी लिहीत होते. पप्पा गावातल्या दूध संस्थेत कामाला आहेत, त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. मी एका दमात सगळं सांगितलं. कान, सहा पॉइंट एक, रद्द, वहिनीचे ओठ.

आईच्या हातातला पिळा बादलीत पडला. "सहा?" ती म्हणाली. "कोमलचं सहा?" क्षणभर ती खरी आशाताई झाली. "मी उद्या नेते तिला तालुक्याला. मीटिंग झाली की गुपचूप नेते. रक्त तपासून आणते."

"उद्या का? आणि गुपचूप का? काकू पाठवणारच नाहीत. त्या सखीवर विश्वास ठेवून बसल्यात. त्यांना कुणीतरी खरं सांगायला पाहिजे."

"शिवू, बस हितं," पप्पा म्हणाले. मऊ आवाजात. माझ्या पप्पांचा आवाज मऊ झाला की मला काहीतरी गिळायला लावणार असतात, लहानपणी काढा असायचा. त्यांनी पुढ्यातला कागद माझ्याकडं सरकवला. "हे वाच. खाली सही कर फक्त."

कागदावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं:

'मी, कु. शिवन्या दत्तात्रय होडगे, इयत्ता नववी, लिहून देते की गेल्या आठवड्यात आई कामात असताना मी खेळण्याच्या नादात तिच्या फोनवर स्वतःचे बोट ठेवून काही महिलांच्या नावे नोंदी केल्या. यात माझ्या आईचा काहीही दोष नाही. माझ्या अजाणतेपणाबद्दल क्षमा असावी.'

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

"सातच दिवसांच्या लाटा तपासणार हायत ना, तूच म्हणालीस," पप्पा समजावत होते. "म्हंजे तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. तू लहान हायस. तुला कोण काय करणार? चार शब्द बोलतील, सोडून देतील. आईचं मात्र जाईल सगळं. पंधरा वर्षं उन्हातानात फिरलीय ती."

कागदाच्या वर तारीख होती. १२ जानेवारी २०३५. शुक्रवार. म्हणजे मी चुलीपुढं बसून टॉर्चच्या गमती सांगत होते आणि भाकरी करपली होती, त्याच दिवशी हे लिहून झालं होतं. शनिवारी सकाळी आई मोरीजवळ बसून मला बोटांचं सगळं सांगत होती, तेव्हाही हा कागद घरात तयार होता. तिनं मला खरं सांगितलं असं मला वाटलं होतं. खऱ्यातला सोयीचा तेवढा तुकडा दिला होता. आणि मी मूर्ख, तिच्यासाठी कान शोधत बसले होते!

"आई, तुला माहीत होतं?"

आई पिळा उचलून झटकत राहिली. एकच कपडा, तीन-चार वेळा.

"मी म्हटलं होतं यांना, पोरीला नको," ती शेवटी म्हणाली. "पण दुसरं काय सुचंना, बाळा."

"वर्षभर माझं बोट घेतलंस, आता सही पण घे म्हणतेस?"

"आवाज खाली," पप्पा म्हणाले.

"आणि पप्पा, मी सही केली तर सातच दिवसांच्या नोंदी खोट्या ठरतील. वहिनीची एकच खोडली जाईल. बाकीच्या एकवीस खऱ्या म्हणून राहतील. सखी तिला छानच म्हणत राहणार. तुमच्या कागदानं तिचा लाल कधीच दिसणार नाही!"

हे पप्पांच्या मनातच आलं नव्हतं. ते वाईट नाहीत हो, हाच तर त्रास आहे. त्यांनी फक्त आमच्या तिघांचा विचार केला होता.

मी सही केली नाही. कागद घडी घालून फ्रॉकच्या खिशात घातला. पळत नाही, चालत गेले सुतारांकडं.

*

सोप्यात तिघी होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. म्हणजे, सांगायला तोंड उघडलं आणि पहिलं वाक्यच येईना. एवढा दुसरा नंबर, एवढा लाऊडस्पीकर! शेवटी म्हणाले, "काकू, ते बावीस हिरवे ठिपके वहिनीचे नाहीत. माझे आहेत."

मग बाकीचं आलं. काळी बोटं, तक्रारी, रोज सकाळची हाक. मला माहीत नव्हतं हे सांगितलं, आणि सांगताना वाटलं की त्यानं कुणाला काय फरक पडतो.

काकूंच्या हातातलं सूप कलंडलं. त्या सरळ सुनेजवळ गेल्या, तिच्या खालच्या पापणीला अंगठ्यानं ओढून आतला रंग बघितला, जसं पूर्वी, फोन नव्हते तेव्हा बघायचे. आत पांढरं होतं.

"आगं आई गं," काकू एवढंच म्हणाल्या. "आणि मी हिला आळशी म्हणत हुते."

वहिनी माझ्याकडं बघत होती. "आशाताई दर बुधवारी माझ्या डोक्यावरनं हात फिरवायच्या," ती म्हणाली. "म्हणायच्या, कोमल, तुझं रक्त कसं लालबुंद हाय."

मला तिथून जमिनीत जावंसं वाटलं.

काकूंनी चुलतदिराला हाक मारली, त्यांचा टेम्पो दारातच होता. मागं गादी टाकली. अर्ध्या तासात टेम्पो तालुक्याकडं निघाला. वहिनीला बसवताना मी पाण्याची बाटली पुढं केली, ती दुर्वानं माझ्या हातातून काढून घेतली.

"दुर्वे, मला खरंच..."

"तुला म्हाईत नव्हतं. कळलं," ती म्हणाली. डोळे कोरडे होते, तेच जास्त लागलं. "पण शाळेत रोज सांगायचीस ना, माझ्या बोटावर गाव चालतंय? मी हसायची. मला अभिमान वाटायचा गं तुझा. घरी येऊन वहिनीला सांगायची मी." मग टेम्पोत चढून तिनं फळी लावून घेतली.

चारच्या सुमाराला काकूंच्या शेजारणीच्या फोनवर निरोप आला. रक्त पाच पॉइंट आठ. भरती करून घेतलंय, रक्ताची पहिली बाटली लावलीय. डॉक्टर म्हणाले, अजून दोन आठवडे काढले असते तर बाई आणि बाळ, दोघांचंही सांगता आलं नसतं. बाळाचे ठोके आहेत. आहेत म्हणजे आत्ता आहेत.

मी तशीच मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून राहिले. समोरच्या रस्त्यानं काजूच्या कारखान्यातल्या बायका बाजार करून घरी चालल्या होत्या. येसणेंच्या काकू, सावित्रीआजी, दोन नव्या सुना ज्यांची नावं मला येत नव्हती. मी त्यांचे हात बघत होते. आजवर कधी बघितलेच नव्हते. प्रत्येकीच्या हातात पिशवी, आणि पिशवीच्या कडीभोवती दहा काळी बोटं. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "काय गं शिवू, बरी हायस न्हवं?" मला, म्हणजे त्या मला विचारत होत्या!

*

घरात दोघं सोप्यातच बसले होते, दिवा न लावता, ऊन अजून होतं तरी घर अंधारल्यासारखं. आईला निरोप कळला होता. गाव आहे, कळतंच. तिचं रडून झालं होतं. पप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

मी खिशातला कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"मला बोलायचंय," मी म्हणाले. आवाज चढला नाही. चढवावा लागला नाही. "मधे बोलू नका. पप्पा, मी यावर सही करणार नाही. आज नाही, उद्या नाही. उद्या मीटिंगला मी शाळा बुडवून येणार आहे. वर्तक सरांना सांगणार आहे, एकेचाळीस जणींच्या सगळ्या नोंदी पुसा, सातच दिवसांच्या नाही, पहिल्यापासूनच्या. का पुसायच्या तेही सांगणार. आणि काळ्या बोटांच्या बाईला तुमचा फोन वर्षभर हात धुऊन ये म्हणत होता, हेही सांगणार, आईनं तीनदा कळवलं होतं तेही. तू चुकलीस आई, आणि तू एकटीच चुकलेली नाहीस. दोन्ही सांगणार."

"शिवू..." आई म्हणाली.

"झालं नाही माझं. तुझं काम राहील का जाईल मला माहीत नाही. मला त्याचं वाईट वाटणार आहे, लई वाटणार आहे. आत्ता मी तुमच्यावर रागावलेय आणि अजून बरेच दिवस रागावलेली असणार, तेव्हा मला जेव म्हणून मागं लागू नका."

पप्पांनी कागद उचलला, घडी उलगडली, परत मिटली.

"पण उद्यापर्यंत मी थांबणार नाहीये. कोमलवहिनीसारखी अजून कोण आहे ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. तुला पण नाही. चाळीस घरं राहिलीत. प्रत्येक दारात जाऊन मी सांगणार आहे की तुमचा हिरवा ठिपका तुमचा नाही, जाऊन खरं रक्त तपासून घ्या. सुरुवात सावित्रीआजींपासून करतेय. त्या शिव्या देतील, देऊ देत."

मी दारातून मागं वळले. आई अजून तशीच बसलेली.

"नावं तुझ्या फोनमधे आहेत, आई. यादी दे, नाहीतर चप्पल घाल. मी निघाले."